उपस्थितांची माहिती

कोडची एक ओळही न लिहिता, स्क्रीनवरचे चौकोन एकमेकांना जोडून सेक्रेटरी बाईंनी ती सोय उभी केली होती. कॅलेंडरवर मीटिंग पडली की येणाऱ्या प्रत्येकाची माहिती अर्धा तास आधी साहेबांच्या फोनवर हजर: हुद्दा, कंपनी, आधी किती मीटिंगना होता. आज तीन वाजता संचालक ती बघणार होते आणि कंपनीभर लागू करायची की नाही ते ठरवणार होते. दाखवायला साहेबांनी बाईंनाच बोलावलं होतं.

अडीच वाजता साहेब फोन घेऊन धावत बाहेर आले.

"बाई, घोटाळा झालाय! तुमच्याच नावापुढे बघा, 'आधीच्या मीटिंग: शून्य'. अहो, एकोणीस वर्षांत तुमच्याशिवाय इथे एक मीटिंग झाली नाही. संचालकांनी हे पाहिलं तर पहिल्याच घासाला खडा. पुढे ढकलू या का?"

बाईंनी शांतपणे लॅपटॉप उचलला.

"चुकलेलं नाही ते, साहेब. मी जोडलंय. एकोणीस वर्षं मी खुर्च्या लावल्या, कागद मांडले आणि दार ओढून बाहेर बसले. यादीत माझं नाव आज पहिल्यांदा आलंय."