नवी फळी
चर्चमधली, कन्फेशनला गुडघे टेकायची फळी सुताराने सोमवारी बदलली. मंगळवारी तिच्यावर दोन खळगे पडलेले. उजवा खोल, डावा उथळ.

"फादर, लाकूड असं झिजायला वीस वर्षं लागतात!"

"अरे, रात्रभर तर चर्चला कुलूप होतं," फादर म्हणाले.

त्याने दुसरी फळी ठोकली. बुधवारी पुन्हा तेच. सुताराच्या तोंडचं पाणी पळालं. डावा पाय अधू असलेला त्याचा धाकटा भाऊ असाच उजव्यावर भार देऊन गुडघे टेकायचा. माफी मागायला तो तीनदा दारात आला होता. सुताराने कडी काढली नाही. चौथ्यांदा यायच्या आत तो गेला.

त्याने तिसरी फळी ठोकली. गुरुवारी ती सपाट होती. सुताराचा जीव भांड्यात पडला. शीळ घालतच तो घरी आला.

बायको दारात ओणवी होती. "अहो, सकाळी धड होता की हा उंबरा! हे दोन खळगे कसले?"