मागच्या जिन्याचा नकाशा

२०११ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. रविवारी दुपारी तीन वाजता मुलींच्या वसतिगृहाच्या ऑफिसात तीन माणसं बसली होती आणि समोर ठेवलेल्या पाण्याला कुणीच हात लावला नव्हता. टेबलापलीकडे रेक्टरबाई. अलीकडे शेवटच्या वर्षाची एक मुलगी. तिला सगळं वसतिगृह मोजपट्टी म्हणे, कारण ती बांधकामाचं शिकत होती आणि जिथे उभी राहील तिथली लांबी-रुंदी सांगून मोकळी होई. शेजारी तिचे वडील. बाईंचा फोन गेल्यावर ते पहाटेची गाडी धरून आले होते. परीक्षा दीड महिन्यावर आली होती. पण आज काही ठरलं नाही, तर संध्याकाळी मुलीचं सामान घेऊनच परतायचं होतं.

झालं होतं ते असं. कॉम्प्युटरवरच्या एका खेळात घराला आग लागते आणि खेळणाऱ्यांनी चार मिनिटांत बाहेर पडायचं असतं. घरांचे नकाशे खेळणाऱ्यांनी स्वतः बनवून घालावेत, अशी सोय कंपनीने दिली होती. मोजपट्टीने वसतिगृह बनवून घातलं. हुबेहूब. तळमजल्यावरचं स्वयंपाकघर, वरचे दोन मजले, खोल्यांचे नंबर, कोणती फरशी हलते तेसुद्धा. तीन आठवड्यांत नऊ हजार लोकांनी तो नकाशा उतरवून घेतला. मग एका मुलीच्या भावाने तिला फोनवर चिडवलं, की तुझ्या खिडकीची कडी तुटलीय ना, आत्ताच डोकावून आलो. ती रडत बाईंकडे आली.

त्रेचाळीस मुली बाईंच्या भरवशावर राहत होत्या. आणि नऊ हजार परक्या माणसांना आता प्रत्येकीची खाट कुठे आहे ते ठाऊक होतं.

नकाशा आजच्या आज काढून टाक, एवढंच बाईंचं म्हणणं होतं. मोजपट्टी म्हणाली, ते आता माझ्या हातात नाही. कंपनीचं उत्तर तिने छापून आणलं होतं. आमच्या साधनांनी बनवलेला नकाशा आमच्या मालकीचा. तुम्ही त्यात बदल करू शकता, मागे घेऊ शकत नाही. वडिलांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं.

"मग यात तुझं काय आहे?"

"नकाशा कंपनीचा, इमारत ट्रस्टची," ती म्हणाली. "चुका तेवढ्या माझ्या, बाबा."

बाईंना हसू आलं नाही. मुलीला वसतिगृहातून काढण्याच्या पत्रावर सही करण्याआधी एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून त्यांनी ऑफिसातला कॉम्प्युटर तिच्याकडे वळवला.

पडद्यावर बाईंचा व्हरांडा उघडला. त्यांची खुर्ची, त्यांची नोटिसांची फळी. स्वयंपाकघरात धूर झाला आणि पुढचा जिना पेटला. बिनचेहऱ्याची बारा माणसं दुसऱ्या मजल्यावर धावत सुटली. सगळी मागच्या जिन्याकडे वळली. तिथल्या लोखंडी जाळीच्या दारापाशी आली आणि तिथेच थांबली. एकावर एक आदळत राहिली. चार मिनिटं संपली. पडदा काळा झाला.

खाली खेळणाऱ्यांच्या तक्रारींची रांग होती. दार उघडत नाही. नकाशात चूक आहे, दुरुस्त करा. शंभरदा तेच. आणि प्रत्येक तक्रारीखाली मोजपट्टीचं एकच उत्तर होतं: चूक नाही. तिथे खरंच कुलूप असतं.

ते कुलूप बाईंचंच होतं. अकरा वर्षांपूर्वी त्या जिन्याने चोर शिरला होता. दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतः जाऊन ते कुलूप घातलं होतं. मुलींच्या सुरक्षिततेसाठी. त्यानंतर त्यांना निवांत झोप लागू लागली होती.

"मला येऊन सांगायचं होतंस."

मोजपट्टीने सांगितलं, की तिने सूचनावहीत दोनदा लिहिलं होतं. बाईंनी दोन्ही वेळा खाली 'पाहिले' असं लिहून सही केली होती. बाईंना ते आठवलं नाही. पण आपली सवय त्यांना माहीत होती.

"किल्ली माझ्यापाशीच असते," त्या म्हणाल्या. "वेळ आलीच तर मी धावत येईन."

"मोजलंय मी, बाई. तुम्हाला इथून मागून वर यायला सहा मिनिटं लागतात."

बाई उठल्या. त्यांच्यामागून ती दोघंही निघाली. मागच्या जिन्याने चढताना बाईंना दोनदा थांबावं लागलं. वर पोचल्यावर त्यांनी जुडग्यातली किल्ली काढली आणि कुलपात घातली. ती फिरली नाही. त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला. मग मोजपट्टीच्या वडिलांनी लावून पाहिला. कुलूप आतून गंजून गेलं होतं. जाळीच्या पलीकडे मुली गोळा झाल्या, कुणी खोबरेल तेलाची बाटली पुढे केली. तेल ओतून झालं, दगडाने ठोकून झालं. शेवटी वॉचमनने करवत आणली. कापायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ बाई पायरीवर बसून होत्या.

महिन्याभरात तिथे आतून ढकललं की उघडणारं आणि बाहेरून न उघडणारं दार बसलं. खिडक्यांच्या सगळ्या कड्या बदलल्या. मोजपट्टीने कंपनीच्या मालकीच्या नकाशात बदल केले: खोल्यांचे नंबर फिरवले, चार खोट्या खिडक्या घातल्या, आणि नवं दार मात्र जिथल्या तिथे बसवलं. परीक्षा तिने वसतिगृहात राहूनच दिली. आज ती इमारतींचे जिने तपासते, आणि बिल्डर लोक तिला त्याच नावाने ओळखतात आणि घाबरतात. तिचे वडील गेल्या वर्षी वारले. रेक्टरबाई निवृत्त होऊन बहिणीकडे राहायला गेल्या; नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत सूचनावहीत त्यांनी पुन्हा कधी 'पाहिले' लिहिलं नाही. कंपनी दोनदा विकली गेली आणि तिच्याबरोबर नकाशाही. अजून लोक तो खेळतात. त्यांची आता एकच तक्रार असते: या घरात मजा येत नाही, सगळेच वाचतात.