डाव्या हाताची सही

वडिलांचा उजवा हात ज्या कारखान्यात गेला, तिथेच सुरक्षा अधिकारी व्हायचं, या हट्टापायी तिनं कॉलेजचं शेवटचं वर्ष मुलाखतीच्या तयारीत घालवलं. मशीन बिघडलंय, असं वडील अपघाताआधी महिनाभर सांगत होते. कुणी मनावर घेतलं नव्हतं.

मुलाखतीत साहेबांनी एकही प्रश्न विचारला नाही. फाईलमधला जुना कागद तेवढा पुढे सरकवला. ‘मशीन ठीक होतं, चूक माझीच.’ खाली वडिलांची डाव्या हातानं केलेली वेडीवाकडी सही. आणि त्याखाली कंपनीनं लिहून दिलेलं, मुलगी शिकली की तिला इथे नोकरी.

“सोमवारपासून या,” साहेब म्हणाले.

घरी वडील दारातच उभे होते. “काय काय विचारलं गं?”

“फार अवघड विचारलं, बाबा,” चपला काढता काढता ती म्हणाली. “पण सगळं आलं मला.”