डोक्यावर उभा संत

इवेलिसने बास्केटबॉलचा पहिला करार केला, त्याच दिवशी तिच्या आईने लग्नं जुळवणाऱ्या संत अंतोनियोची मूर्ती उलटी करून डोक्यावर उभी केली. पोरगी चेंडू सोडून बोहल्यावर चढेपर्यंत त्याची सुटका नव्हती.

इवेलिसने तुर्कस्तानचा बर्फ पाहिला, इटलीत गुडघा शिवून घेतला आणि केसांतली पहिली चांदी घेऊन ती प्वेर्तो रिकोला, घरच्या संघात परतली. आईने मात्र तिचा एकही सामना पाहिला नव्हता. जेवण वाढताना ती तेवढं म्हणायची, "त्या बिचाऱ्याची मान अवघडली गं!"

"अवघडू दे. मान त्याची, लग्न माझं."

कारकिर्दीतल्या अखेरच्या सामन्याच्या सकाळी इवेलिस कॉफी घ्यायला आली, तर संत सरळ उभा, पायाशी ताजी फुलं.

"आई! कुणाला शब्द देऊन बसलीस?"

आईने नजर चुकवत मूर्तीचं तोंड टीव्हीकडे वळवलं.



"कुणाला नाही गं. उद्या करते परत उलटा. आज तुझी फायनल आहे, नीट बघू दे की त्याला!"