दाराबाहेरच्या चपला

पूर ओसरून चार दिवस झाले, तरी व्यापारी संकुलाच्या तळघरातल्या भिंती ओल्याकच्च होत्या. वैजयंती खोतने आत बुरशी सोडून दार लावलं. प्रयोगशाळेतली ही बुरशी तासाभरात भिंतीतलं सगळं पाणी पिऊन टाकायची. पण भिंत कुठली आणि माणूस कुठला, हे तिला कळत नसे. म्हणून आत जाणाऱ्याने चपला दाराबाहेर काढून गमबूट घालायचे, असा वैजयंतीचा दंडकच होता. बाहेर एकही चप्पल उरली नाही, हे तिने दोनदा पाहिलं होतं. तरी जिवाला घोर होताच.

तासाभराने कापडदुकानदार लोहाडेंची बायको आली.

"मॅडम, आमचे हे दिसले का? दोन तासांपूर्वी गोदाम बघायला खाली गेले होते."

"आत कुणीच नाही, काकू. चपला नाहीत ना बाहेर."

"अहो, चपला पुरात वाहून गेल्या त्यांच्या. चार दिवस अनवाणीच फिरतायत." काकूंनी पिशवीतून नवा जोड काढला. "हा घेऊन आलेय."

वैजयंती दाराकडे धावली. दारावर भिंती कोरड्या झाल्याचा हिरवा दिवा केव्हाच लागला होता. त्याखालचा, बुरशीने प्यायलेल्या पाण्याचा आकडा मात्र अजून सावकाश वाढत होता.