तुझे राज्य येवो

शेजारच्या पेशन्सकाकूचं लोणी निघेना, म्हणून माझी आई चेटकीण! बोस्टनच्या न्यायाधीशांची कसोटी एकच: चेटकिणीला प्रार्थना बिनचूक म्हणता येत नाही. सकाळपासून साखळदंडात उभ्या आईचा घसा सुकला होता. मी पाण्याचा पेला पुढे केला, तर शिपाई खेकसला, "आधी प्रार्थना!" आई म्हणू लागली, "हे बापा, तुझे नाव पवित्र मानले जावो, तुझे राज्य जावो..." 'येवो'च्या जागी 'जावो'! प्रार्थनाघरात एकच कल्लोळ उठला. "अहो, तिची जीभ वळत नाहीये, पाणी द्या!" मी ओरडले. "गप्प, पोरी! अशी म्हणतात," न्यायाधीश गरजले, "तुझे नाव पवित्र मानले जावो, तुझे राज्य जावो..." त्यांचंही 'जावो'च! मला वाटलं, सुटली आई! तेवढ्यात ते किंचाळले, "बघा, हिनं माझी जीभ बांधली!" शिपायानं माझ्या हातातला पेला हिसकावून न्यायाधीशांना पाणी पाजलं.