मधली फळी

"हे बी न्हाई," अंगद म्हणाला आणि तिसऱ्या इंजिनाकडं पाठ करून उभा राहिला.

जालन्यातल्या त्या कारखान्याच्या अंगणात फायबरच्या टाक्या, फायबरचे संडास आणि फायबरच्या नावा एकाच निळ्या रंगात रंगवून उन्हात वाळत ठेवल्या होत्या. नाव ज्योत्स्नानं आल्या आल्या पसंत केली. बुडाला रुंद, वजनाला हलकी, दोघांना काठावर ओढून घेता येईल अशी. त्यावर तिच्या बापानं, अंगदनं, चकार शब्द काढला नाही. घोडं अडलं होतं ते नावेच्या मागं लावायच्या इंजिनापाशी.

ज्योत्स्ना परतूरच्या कॉलेजात बी.एस्सी.ला होती. परीक्षा तोंडावर असताना ती मोबाइलवर इंजिनं बघत बसायची. कारण सरळ होतं. दुधनेच्या धरणाच्या फुगवट्यात तिचे आईबाप मासे धरायचे. आई वल्हं मारायची, बाप जाळं सोडायचा. लग्न झाल्यापासून हेच. आता आईचा, दैवशालाचा, उजवा खांदा गेला होता. वेणी घालायलासुद्धा हात वर जात नव्हता. डॉक्टरनं बजावलं होतं, वल्ह्याला हात लावायचा नाही.

"आता याला काय झालं, बाबा?"

"आवाज किती करून राह्यलंय! मासे जातेल पळून परभणीला."

"पहिलं तर बिनआवाजाचं होतं."

"ते लईच गुपचूप. असल्याचा भरवसा न्हाई."

कारखान्यातला आदिनाथ हसला. "काका, इंजिन बघून राह्यले का जावई?"

दैवशाला एका टाकीच्या सावलीत बसली होती. सकाळपासून तिनं एवढंच विचारलं होतं, "भाऊ, हे सुरू कसं करतेत?"

"दोरी वढायची, मावशी. जोरात."

"आन दोरी वढणं होत नसल तर?"

"मंग ते पहिलं. बॅटरीवर चालतंय. बटन दाबलं की बस."

"अस्सं," म्हणून ती पदरानं वारा घेत राहिली. तिच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

शेवटी ज्योत्स्नाचा धीर सुटला. "तुमाला आईचा खांदा दिसत न्हाई का? इंजिन आलं की तिला यायचीच गरज न्हाई. तुमी एकटे जा, एकटे या. ती घरी आराम करल!"

 अंगद नावेत चढला आणि मागच्या टोकाला, आपल्या रोजच्या जागेवर जाऊन बसला. समोर मधली फळी होती. वल्हं मारणारं माणूस त्या फळीवर बसतं, नाव जाते तिकडं पाठ करून. मागं बसलेल्याचं आणि त्याचं तोंड सारा वेळ समोरासमोर. अंगद त्या रिकाम्या फळीकडं बघत राहिला.

"ती फळी काढून देऊ का, काका?" आदिनाथनं विचारलं. "वल्हंच मारायचं न्हाई तर नुसती अडचण. मासळीचा टब बसल तिथं."

"फळी ऱ्हाऊ द्या."

"पण बसणार कोण तिथं?"

अंगद नखानं फळीवरचा रंग खरवडत बसला. नव्या नावेचा रंग. आदिनाथ कळवळला.

ज्योत्स्नानं बापाकडं पाहिलं. मग आईकडं. घरात आजी होती, चुलते-चुलत्या होत्या, त्यांची लेकरं होती. त्या गर्दीत या दोघांचं बोलणं म्हणजे "चहा", "ठेव", एवढंच. पण ती लहान होती तेव्हा संध्याकाळी काठावर नावेची वाट बघत बसायची. पाण्यावरून आवाज लांबवर येतो. नाव ठिपक्याएवढी दिसत असायची आणि तिकडून एका बाईचं हसणं यायचं, खळखळून, मोकळं. नाव काठाला लागली की ते बंद व्हायचं. कितीतरी दिवस ज्योत्स्नाला वाटायचं, पाण्यावर दुसरीच कुणी बाई राहते.

तिनं कुठलं इंजिन किती ओढतं, किती तास चालतं, सगळं तोंडपाठ केलं होतं. आता तिला त्यातलं काहीच सांगावंसं वाटेना.

दैवशाला उठली. तिनं डाव्या हातानं पदर खोचला.

"ते बटनवालं घ्या."

"आगं पण..." अंगदनं मान वर केली.

"मी चालवीन. बटन दाबायला खांदा लागत न्हाई. आन वळवायचा दांडा धरायला डावा हात हाय की धडधाकट."

"आन मी?"

"तुमी म्होरं बसा. फळी ठेवून घेतली न्हवं?"

 आवाज न करणाऱ्या त्याच इंजिनाचा अंगदला आता भलताच भरवसा वाटू लागला होता.

आठवड्यानं नाव पाण्यात उतरली. ज्योत्स्नानं नारळ फोडला. अंगद मधल्या फळीवर जाऊन बसला. दैवशालानं मागच्या टोकाला बसून डाव्या हातात दांडा धरला, बटन दाबलं आणि नाव मुकाट्यानं काठ सोडून निघाली. काठावर जाळं निवडत बसलेला दुसरा मासेमार, राधेश्याम, उठून उभा राहिला. त्यानं तोंडाशी हात धरून हाळी दिली.

"ए अंगद! उलटा बसलास की, येड्या! तोंड फिरव म्होरं!"

नाव लांब गेली होती. आधी पाण्यावरून त्या बाईचं हसणं आलं. मग अंगदचा आवाज.

"बराबर बसलोय!"